चुलींची संख्या : एक

"आणि हे घर बघा," साहेबांनी पडद्यावरच्या नकाशावर बोट टेकवलं. "सगळ्या गल्लीत हे एकच असं आहे. नवरा, बायको, विधवा भावजय, आणि चूल एक. अहवालात याचा खास उल्लेख घ्या. एकत्र कुटुंब अजून कुठेतरी तग धरून आहे, असं एखादं छानसं वाक्य टाका."

धाकटीने चष्मा सावरून त्या घराकडे पाहिलं. कोपऱ्यावरचं, पाण्याच्या टाकीला लागून असलेलं, पुढे अरुंद आणि मागे रुंद. ते तिचं स्वतःचं घर होतं.

साहेबांना हे ठाऊक नव्हतं. पालिकेच्या आकडेवारी विभागात ती इतकी वर्षं कारकून होती, पण ती कुठे राहते हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. मोजणीचे आकडे आले की त्यांतून एकेका वस्तीचं चित्र काढून द्यायचं, हे तिचं काम. म्हातारे कुठे वाढले, पाळणे कुठे कमी झाले, कोण कशावर पोट भरतं, एका खोलीत किती जण झोपतात. या खेपेला तिच्याच वस्तीची पाळी होती. केस पिकले तरी घरात आणि गल्लीत तिला धाकटीच म्हणत, कारण थोरली अजून जिवंत होती.

"काही चुकलंय का?" साहेबांनी विचारलं.

"तपासते," ती म्हणाली.

चुकलं तर होतंच. मोजणीच्या नियमात कुटुंब म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब. छप्पर एक असो, दार एक असो, चुली दोन तर कुटुंबं दोन. हा नियम तिने विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला समजावला होता, आणि समजावताना आपलंच घर डोळ्यांपुढे ठेवलं होतं. बाकीच्या गल्लीत सगळं नियमाप्रमाणे नोंदलं गेलं होतं. एकेका छपराखाली दोन-दोन, तीन-तीन ठिपके. साहेबांनी त्याला 'विभक्त कुटुंबपद्धतीकडे वाटचाल' असं नाव दिलं होतं. धाकटीला त्या वाटचालीतलं पाऊल न् पाऊल माहीत होतं. इस्त्रीवालीच्या घरात तीन ठिपके, कारण तिची दोन्ही मुलं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि ती त्या दोघांचंही बघत नाही. शिंप्याच्या घरात दोन, कारण सुनेने एकदा त्याच्या खाण्यावरून टोमणा मारला आणि तेव्हापासून म्हातारा गच्चीवर स्वतःपुरतं शिजवतो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते तिच्या गल्लीत सरकारी नोंदीने सिद्ध झालं होतं. फक्त जिथे भांडण सगळ्यात जुनं, त्याच घरात ठिपका एक.

आणि हा नुसता ठिपक्याचा प्रश्न नव्हता. रस्ता रुंद होणार होता, गल्ली पाडणार होते. बदल्यात पलीकडच्या नव्या इमारतींत दर कुटुंबाला एक घर मिळणार होतं. दोन चुली, दोन घरं. ही बातमी फुटल्यावर गल्लीतल्या लोकांनी धावत जाऊन आणखी एकेक शेगडी आणली, पण तोवर मोजणी उरकली होती. धाकटी मात्र निश्चिंत होती. मनातल्या मनात तिचं नवं घर लावूनही झालं होतं. थोरलीला घर दुसऱ्या इमारतीत द्यायला लावायचं, ते नाहीच जमलं तर निदान दुसऱ्या जिन्यावर. आयुष्यात एकदा तरी कपाटाच्या पलीकडून कुणाचं खोकणं न ऐकता चहा प्यायचा, एवढीच तिची मागणी होती.

तिने नोंद उघडली. मोजणीला आलेली शिक्षिका दुपारी आली होती. त्या वेळी धाकटी ऑफिसात आणि तिचा नवरा त्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात. उत्तरं थोरलीने दिली होती. कुटुंबप्रमुख म्हणून तिने दिराचं नाव सांगितलं होतं, मग धाकटीचं, आणि शेवटी स्वतःचं. चुलींची संख्या, एक. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने बरोबर नेम धरून दगड मारला, असं तिला वाटलं.

घरी येताना नळापाशी इस्त्रीवाली भेटली. गल्लीला धाकटी कधीच आवडली नव्हती. आपली वयं, आपले धंदे, आपल्या मोऱ्या हिला ऑफिसात बसल्या बसल्या दिसतात, हे कुणालाही आवडलं नसतं. तिच्या पाठीमागे तिला मोजणीबाई म्हणत, आणि अलीकडे तोंडावरही.

"काय मोजणीबाई, तुमचं एकच घर लागलंय म्हणे," इस्त्रीवाली म्हणाली. "आमच्या चुली मोजता मोजता स्वतःची राहिली वाटतं."

बातम्या ऑफिसातून तिच्या आधी घरी कशा पोचतात, हे धाकटीला अजून उमगलेलं नव्हतं. मागून हसण्याचा आवाज आला आणि तो तिने घरापर्यंत वाहून नेला.

घरातलं स्वयंपाकघर एकच होतं. मधोमध लोखंडी कपाट आडवं घातलं होतं. अलीकडे धाकटीची शेगडी, पलीकडे थोरलीची. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट होती. ती फट ओलांडून इकडून तिकडे जायचं नाही, असा करार कुणी केला नव्हता, पण तो पाळला जात होता.

हे सगळं मिठावरून झालं होतं. थोरलीचा नवरा जिवंत असताना एकदा घरात पाहुणे जेवायला होते. थोरलीने भाजीत मीठ घातलं आणि हात पुसायला बाहेर गेली. नवी नवरी असलेल्या धाकटीने, आपलाही काही हातभार लागावा म्हणून, त्याच भाजीत पुन्हा घातलं. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि ताटं सरकवली. थोरलीने सगळ्यांदेखत पातेलं उचलून मोरीत उपडं केलं आणि म्हणाली, "हिला ऑफिसात मोजायचा पगार देतात." पाहुणे हसले. तिचा नवराही हसला, आणि ते तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने पगारातून शेगडी आणली. कपाट तिनेच ओढून मध्ये आणलं. तेव्हापासून भाजीत मीठ घालताना तिचा हात आखडतो, तो आजतागायत.

आता दोघी एकमेकींशी बोलत नसत, म्हणजे सरळ बोलत नसत. बोलणं नवऱ्याला उद्देशून व्हायचं आणि कपाटापलीकडे पोचायचं. लेकी बोले सुने लागे, तसं. नवरा बिचारा दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा आणि ताटात बघायचा. सकाळी थोरली आपल्या बाजूला भांडी आपटायची, रोज, धाकटी डबा भरायला उभी राहिली की अगदी त्याच वेळी. एवढ्याशा बाईला एवढी भांडी लागतात कशाला, असं धाकटी नवऱ्याला मोठ्याने विचारायची.

त्या संध्याकाळी तिने पर्स ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "विचारा तुमच्या वहिनींना, मोजणीवाल्या बाईला चूल एक म्हणून का सांगितलं."

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत कपाटामागून उत्तर आलं.

"भाऊजी, तिनं विचारलं, जेवता कुठे. मी सांगितलं. मी काही मनाचं सांगितलं नाही."

"खोटं सांगितलं म्हणा."

"खोटं नाही सांगितलं."

धाकटीचा तोल गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती फटीपाशी गेली आणि सरळ बोलली. "तुम्हाला माझ्या उरावर बसायचंय शेवटपर्यंत. या घरात बसलात, आता तिकडेही बसायचंय. मला सुखाने चार दिवस जगू द्यायचं नाही, एवढंच ना? तसं सांगा की."

नवरा म्हणाला, "अगं, हळू." त्याच्या आयुष्यातलं बरंचसं बोलणं या दोन शब्दांत झालं होतं.

मग थोरली म्हणाली, "काय करायला लागेल दोन करायला?"

हरकत नोंदवली की तपासनीस येतो, दोन शेगड्या पेटलेल्या बघतो, फोटो काढतो, असं धाकटीने सांगितलं.

"येऊ दे त्याला. पेटवून दाखवते. घे तुझं घर."

एवढं सोपं होईल असं धाकटीला वाटलं नव्हतं, त्यामुळे तिला त्यातही कावा दिसला. रात्री जेवताना भाजी पुन्हा कमी पडली. थंडी सुरू झाल्यापासून हे चाललं होतं. सकाळी करून ठेवलेलं रात्री पुरायचं नाही. ती नवऱ्यावर डाफरली, दुपारी दुकानातून घरी येऊन चोरून जेवता आणि वर रात्री माझ्याकडे बघता. तो नाही म्हणाला. तो नेहमीच नाही म्हणायचा, आणि तिचा कधीच विश्वास बसायचा नाही. तो उठून पाणी पिऊन झोपला.

तपासनीस आला त्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. माणूस तिच्याच पालिकेतला, दुसऱ्या विभागातला, हातात टॅब आणि चेहऱ्यावर कंटाळा. दारात शेजारपाजार जमला होता. इस्त्रीवाली तर आपलंच काम असल्यासारखी उंबऱ्यावर बसली होती.

"तुम्ही आकडेवारीत ना?" त्याने विचारलं. "मग तुमचंच कसं चुकलं?"

"आमचं नाही चुकलं. सांगणाऱ्यांनी चुकीचं सांगितलं."

तिने आपली शेगडी पेटवून दाखवली. त्याने फोटो काढला आणि कपाटाकडे बोट केलं. दोघेही अंग चोरून फटीतून पलीकडे गेले. कपाट मध्ये आल्यापासून धाकटी पहिल्यांदाच त्या बाजूला उभी होती. जागा तिच्या बाजूपेक्षा स्वच्छ होती, आणि तेच तिला आधी खटकलं. फळीवर भांडी ओळीने लावलेली, लखलखीत. शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलेलं. थोरली धुतलेली साडी नेसून, पदर खोचून उभी होती, हातात काड्यापेटी.

"हं, पेटवा आजी," तपासनीस म्हणाला. "एक फोटो घेतो नि जातो."

थोरलीने काडी काढली. काडी पेटीपर्यंत पोचेना. हात कापत होता, नुसता भीतीने कापतो तसा नव्हे, कोपरापासून. काडी मोडली. दुसरी पेटली, पण शेगडीपर्यंत जाता जाता विझली. तिने उजवा हात डाव्याने घट्ट धरला, आणि मग दोन्ही कापायला लागले. मनगटाच्या आत एक जुना डाग होता, भाजल्याचा, कडेने काळपट झालेला.

"सावकाश," तपासनीस म्हणाला आणि टॅबमध्ये बघू लागला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

धाकटी थोरलीच्या हाताकडे बघत नव्हती. तिला बघवत नव्हतं, म्हणून तिने नजर वळवली आणि ती फळीवर गेली. लखलखीत भांड्यांच्या शेवटी एक वाटी होती, बशीने झाकलेली. बशी जरा सरकली होती. आत भाजी होती. त्यातले जाडे, वेडेवाकडे तुकडे ऑफिसच्या घाईत चिरलेले होते. अशी भाजी या घरात एकच बाई चिरायची. शेगडीच्या जाळीवर धूळ होती, आणि पातेल्याच्या बुडाला आच लागल्याची काही खूण नव्हती.

जेवता कुठे, असं शिक्षिकेने विचारलं होतं. मी सांगितलं, असं थोरली म्हणाली होती. धाकटीला ते आत्ता ऐकू आलं. रोज सकाळची भांड्यांची आदळआपटही आत्ताच तिला नीट ऐकू आली. घासलेली भांडी थोरली पुन्हा घासत होती, पलीकडच्या बाजूला स्वयंपाक चाललाय असं वाटावं म्हणून. नवऱ्याला आपण किती बोललो, हेही तिला आठवलं.

थोरलीने आणखी एक काडी काढली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. पेटवूनच दाखवायची, घर मिळवून द्यायचं आणि उपकाराचा डाग ठेवायचा नाही, असं तिच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं.

दोन घरं त्या काडीवर होती. धाकटीने फक्त हात पुढे करून काडी धरली असती तर काम झालं असतं. तपासनीस बघतही नव्हता. दुसरा जिना, शांत चहा, सगळं मिळालं असतं. आणि दुसऱ्या जिन्यावर, एका स्वच्छ घरात, एक बाई शेगडीपुढे उभी राहिली असती.

"राहू द्या," धाकटी म्हणाली.

थोरलीने ऐकलं नाही. धाकटीने तिच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली. मग ती तपासनीसाला म्हणाली, "चूल एकच आहे. नोंद बरोबर आहे."

"मग हरकत कशाला घेतलीत?"

"माझी चूक झाली."

"तुमची?" तो हसला. "लिहून द्यावं लागेल तसं. आणि हरकत मागे घेतली की पुन्हा घेता येत नाही, एकच घर मिळेल. माहीत आहे ना?"

"तुम्हाला ते नियम मीच पाठवलेत," ती म्हणाली आणि सही केली.

उंबऱ्यावर इस्त्रीवालीने शेजारणीला कोपर मारलं. मोजणीबाईला स्वतःच्या घरातली चूल मोजता येत नाही, हे आता गल्ली पाडेपर्यंत पुरणार होतं, आणि पाडल्यावर नव्या इमारतीतही. धाकटीने तिच्या तोंडावर दार लावलं. ऑफिसात साहेबांचं छानसं वाक्य अजून लिहायचं राहिलं होतं. ते लिहायचं नाही, नुसता आकडा द्यायचा, असं तिने तिथेच ठरवलं.

ती परत आली तेव्हा थोरली फटीत उभी होती, ना इकडे ना तिकडे.

"माझी कीव करायची नाही," थोरली म्हणाली. "सांगून ठेवते."

"कीव कोण करतंय? खोटं लिहून दिलं असतं तर नोकरी गेली असती माझी."

"हां."

"कधीपासून चाललंय?"

"हात भाजला तेव्हापासून."

"सांगायचं होतंत."

"कुणाला? कपाटाला?"

डॉक्टरकडे जायला हवं होतं, इतके दिवस कसे काढले, असं बरंच काही तिच्या ओठांपर्यंत आलं आणि प्रत्येकाला रागाची चव होती. ती नवऱ्यावर चिडली, त्याला कसं दिसलं नाही म्हणून. मग स्वतःवर चिडली. मग पुन्हा थोरलीवर, कारण तिथे चिडायची सवय होती. बाई भुकेली राहिली असती पण बोलली नसती, आणि हिला मी माणूस म्हणून एवढी नकोशी, हे तिला फार झोंबलं.

तिने ताट काढलं, भात वाढला, भाजी वाढली आणि ताट आपल्या ओट्यावर, आपल्या बाजूला ठेवलं. स्टूल ओढून पुढे केलं.

थोरलीने आधी ताटाकडे पाहिलं. मग अंग चोरून फटीतून आली आणि बसली.

"खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात," ती म्हणाली. "म्हणून तर त्या बाईला खरं सांगितलं. नाहीतर तुझ्या भाजीला मीठ असतं कुठे?"

धाकटीने मिठाची बरणी तिच्यापुढे आदळली. झाकण काढून आदळली.

थोरलीने चिमूट घेतली. निम्मं ओट्यावर सांडलं, निम्मं भाजीत पडलं. मग तिने चमचा उचलला आणि तो ताटावर वाजायला लागला, टकटक, टकटक, थांबेना. थोरलीने मान खाली घातली. चमचा खाली ठेवून तिने पुन्हा उचलला, आणि तो पुन्हा वाजला.

धाकटी तिच्याकडे पाठ करून मोरीपाशी गेली. आपल्या फळीवरची भांडी तिने खाली घेतली, नळ पूर्ण सोडला, आणि एकेक भांडं आपटत घासायला लागली. भांडी सकाळीच घासलेली होती.